अपडेटनंतर लॅपटॉप सुरूच होत नाही. सॉफ्टवेअरचा दर्जा खरंच घसरलाय, की मलाच तसं वाटतंय?

आधी लॅपटॉपचं बघू. सुरू होत असतानाच पॉवरचं बटण दाबून धरून तो दोन-तीनदा बंद केलात, की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं. तिथे ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग अनइन्स्टॉल अपडेट्स, आणि शेवटचं क्वालिटी अपडेट काढून टाका. मध्येच ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे कुलूपबंद डिस्क उघडण्याचा आकडा, मागितली तर घाबरू नका. बहुतेक वेळा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, फोनवरून लॉगिन करून बघता येते. दुकानदार म्हणाला तरी लगेच फॉरमॅट मारू देऊ नका.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्हाला उगाच तसं वाटत नाहीये. ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की प्रोग्रामर बिघडलेले नाहीत, तपासणीचं काम वापरणाऱ्यांच्या गळ्यात पडलंय. सॉफ्टवेअर सीडीवर यायचं तेव्हा राहिलेली चूक निस्तरणं महाग पडायचं. आता उद्या दुसरं अपडेट सोडता येतं, त्यामुळे आज अर्धकच्चं सोडायला कुणी कचरत नाही. पूर्वी सगळं उत्तम होतं असंही नाही. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची फाइल व्हायरस समजून बाजूला काढली होती आणि कितीतरी कॉम्प्युटर सतत रीस्टार्ट होत राहिले होते.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते ऑक्टोबर २०१८ चं प्रकरण. विंडोज १० च्या १८०९ या अपडेटनंतर काही लोकांच्या डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरमधल्या फाइली गायब झाल्या. ज्यांनी ते फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले होते, त्यांचा जुन्या जागेवरचा फोल्डर रिकामा आहे की नाही हे न बघताच अपडेटने तो उडवला. मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच वाटप थांबवावं लागलं. पण ही चूक आधीच सापडली होती! चाचणीसाठी अपडेट घेणाऱ्या काही जणांनी तशी तक्रार नोंदवली होती. तक्रारींच्या ढिगाऱ्यात तिला इतर वापरणाऱ्यांची मतं कमी पडली, म्हणून ती खालीच राहिली. कुणाचे फोटो, कुणाचा प्रबंध गेला, आणि त्याचं वजन मतांवर ठरत होतं. पगारी तपासनीसाने ही तक्रार लिहिली असती तर तिला मतं मागायची वेळ आली नसती.

१९ जुलै २०२४ तर तुम्हाला आठवत असेलच. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या एका सदोष फाइलने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर आणले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कारण काय, तर एका भागाला २१ नोंदी हव्या होत्या आणि प्रोग्राम २० च पुरवत होता. फाइल तपासणाऱ्या प्रणालीतच दोष असल्याने ती पास झाली. तरीही आधी थोड्या कॉम्प्युटरवर सोडून बघितली असती तर नुकसान तेवढ्यावरच थांबलं असतं. तशी पायरीपायरीने सोडण्याची पद्धत त्या प्रकारच्या फाइलींना लावलेलीच नव्हती. कंपनीने सव्वा तासात फाइल मागे घेतली, पण बंद पडलेली मशीन बहुतेक ठिकाणी एकेकाजवळ बसून सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरतंच विंडोज चालवून, सुरू करावी लागली. ते बसणारे लोक माझ्यासारखेच, आणि त्यांच्या त्या रात्रींचा हिशोब कंपनीच्या खर्चात कुठेच धरला जात नाही, याचा मला खरोखर राग येतो.

म्हणून अपडेट कायमचं बंद करा, असं मात्र सांगणार नाही. सुरक्षेच्या त्रुटी त्यातूनच बुजतात. लॅपटॉप सुरू झाला की सेटिंग्जमध्ये जाऊन अपडेट एक आठवड्यासाठी थांबवा, तोवर मोठे घोटाळे बहुधा उघडकीस येतात. रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क लॅपटॉपला कायम जोडून ठेवू नका.