जुन्या जंगलासाठी संस्था काढताना

प्रश्न : आम्ही सात-आठ जण विदर्भातल्या जुन्या जंगलांचा अभ्यास आणि रक्षण करणारी संस्था काढतोय. आधी नोंदणी करावी का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी जंगलात जा. एक तुकडा निवडा, वन विभागाची लेखी परवानगी काढा आणि एक हंगाम मोजणी करा. अभयारण्य असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. त्यांचं कार्यालय नागपुरातच आहे. आपल्याला नेमकं काय करायचंय हे त्या हंगामात कळतं आणि संस्थेच्या घटनेतले उद्देश मोघम राहत नाहीत.

२० × ५० मीटरचा, म्हणजे ०.१ हेक्टरचा प्लॉट आखा. ३० सेंमीपेक्षा जास्त घेराच्या प्रत्येक झाडाला क्रमांक द्या. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. उतार असेल तर ही उंची चढाच्या बाजूने धरा. तिथेच रंगाची बारीक पट्टी ओढा. पट्टी नसली की पुढच्या खेपेला टेप चार बोटं वर-खाली लागतो आणि वाढलेलं झाड कागदावर बारीक झालेलं दिसतं. येन (ऐन) झाडाच्या सालीचे सुटे पापुद्रे हाताने झाडा, साल तासू नका. उभी वाळलेली, पोकळ आणि पडून कुजणारी झाडं तर हमखास नोंदवा. जुन्या जंगलाची खरी खूण तीच. नुसते जाड सागवान जुन्या लागवडीतही सापडतात.

नोंदणी त्या मानाने सोपी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, शिवाय १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही नोंद करावी लागते. दोन्ही धर्मादाय कार्यालयात होतं. घोळ होतो तो नंतर. कार्यकारिणी बदलल्यावर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो राहिला की कागदोपत्री जुनीच माणसं राहतात आणि बँकेत सह्या अडतात.

प्रश्न : मग जंगल संस्थेच्या ताब्यात मिळेल का?

उत्तर : नाही, आणि तसं मागूही नका. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाच्या रक्षणाचा हक्क ग्रामसभेला दिलाय. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने तो २००९ मध्ये मिळवला. तुमची मोजणी मराठीत लिहून ग्रामसभेत वाचा, प्रत तिथेच ठेवा. तुकडा लहान पण फार जुना असेल तर जैवविविधता वारसा स्थळाचा, म्हणजे जैवविविधतेसाठी सरकार जाहीर करतं त्या जागेचा, प्रस्ताव करता येतो. आलापल्लीच्या जुन्या वनाला, 'ग्लोरी ऑफ आलापल्ली'ला, २०१४ मध्ये हा दर्जा मिळाला. त्यासाठी गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.