तिचा काही त्रास नाही

पत्र: आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मिस्टर सातपूरला कंपनीत आहेत, बहुतेक सेकंड शिफ्ट असते. मी घरीच लहान मुलांच्या शिकवण्या घेते, संध्याकाळी सहा ते आठ. मुलगा बारा वर्षांचा, सातवीत. दिवाळीत मिस्टरांनी त्याला ओळखीतून जुना पीएसफोर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन आणलं, त्याच्यासोबत जीटीए फाइव्ह या गेमची डिस्क आली. डब्यावर १८ लिहिलंय. मी नको म्हटलं तर मिस्टर म्हणतात, आम्ही कॉलेजात असताना सायबर कॅफेत याच मालिकेतला जुना गेम व्हाइस सिटी खेळायचो, आमचं काय बिघडलं? मुलगा हुशार आहे, कुणाशी मारामारी करत नाही. शिकवणीच्या वेळी तो आतल्या खोलीत खेळतो. धाकटी दुसरीत आहे, ती त्याच्याजवळ बसून बघत असते, तिचा काही त्रास नाही. बारा वर्षांच्या मुलाला हा गेम चालेल का, एवढंच सांगा. यावरून आमची रोज भांडणं होतात.

उत्तर: ताई, नाही चालणार. युरोपात या गेमवर १८चा शिक्का आहे, अमेरिकेत १७चा, आणि तुमच्या डब्यावरचा आकडा तुम्ही स्वतः वाचलाय. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर इतकंच.

मला बोलायचंय ते तुमच्या धाकटीबद्दल. पत्रभर मुलगा आहे, मिस्टर आहेत, भांडणं आहेत. दुसरीतली मुलगी एका ओळीत आली आणि गेली. मुलासाठी तुम्ही भांडताय, त्याच्या हौसेसाठी मिस्टर भांडताहेत. तिच्यासाठी त्या घरात कुणीच भांडत नाही.

ती रोज संध्याकाळी काय बघते, हे तुम्ही एकदाही पाहिलेलं दिसत नाही. म्हणून सांगते. कथेत तीन नायक आहेत, तिघेही पुरुष आणि तिघेही गुन्हेगार. एका टप्प्यात बांधून ठेवलेल्या माणसाचा छळ होतो आणि तो खेळणाऱ्यालाच करावा लागतो. पकडीने दात उपटायचा, विजेचे झटके द्यायचे, पान्याने गुडघा फोडायचा, तोंडावर कॅनमधून द्रव ओतत राहायचं. त्याचं हृदय बंद पडलं तर इंजेक्शन देऊन त्याला परत आणायचं आणि पुन्हा सुरू करायचं. शहरात उघड्या बायका नाचतात असा क्लब आहे, तिथे जाऊन बसता येतं. रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईला पैसे देऊन गाडीत घेता येतं, आणि नंतर तिला मारून ते पैसे परतही घेता येतात.

तुमचा मुलगा हे सगळं करत असेल असं मी म्हणत नाही. त्या वयाची बरीच मुलं नुसत्या गाड्या पळवतात, पोलिसांना मागे लावून घेतात आणि हसतात. पण छळाचा तो टप्पा कथेच्या वाटेवरच आहे. कथा खेळत गेलं की तो येतोच, आणि तेव्हा शेजारी कोण बसलंय हे गेम बघत नाही.

मुलाच्या हातात निदान कंट्रोलर तरी आहे. नकोसं झालं तर तो गाडी वळवेल, गेम थांबवेल, बंद करेल. तिच्या हातात काही नाही. भीती वाटली तर ती जाणार कुठे? बाहेर आईची शिकवणी चालू आहे, मध्येमध्ये यायचं नाही हे घरातल्या लहान मुलाला न सांगताही कळतं. आत दादा आहे, आणि दादा तिला जवळ बसू देतो, हा तिचा दिवसातला मोठा आनंद असणार. तो जाऊ नये म्हणून ती तोंड उघडणार नाही. ताई, तुम्ही शिकवता. वर्गात जे मूल अजिबात आवाज करत नाही, त्याच्या वहीत तुम्ही आधी डोकावत असाल. मग घरातलं गप्प बसलेलं मूल तुम्हाला बिनत्रासाचं कसं वाटलं?

आणि त्या बायका. मोठी बाई म्हणजे कोण, तिच्याशी लोक कसं वागतात, हे सात वर्षांची मुलगी आत्ता कुठे जुळवायला लागलेली असते. तुमच्याकडे बघून, शाळेतल्या बाईंकडे बघून, आणि गेले कित्येक दिवस त्या पडद्याकडे बघून. मला याची फार काळजी वाटते.

इथे मला तुमचा राग येतो. गेम मिस्टरांनी आणला, खरं आहे. पण संध्याकाळी सहा वाजता ते सातपूरला असतात. घरात तुम्ही असता. तुम्हाला ते दोन तास शांततेचे हवे असतात, ती कमाई घराला लागते, हे मला समजतं. पण ती शांतता धाकटीच्या जिवावर मिळते आहे, आणि त्यात मिस्टरांचा दोष शोधून चालणार नाही.

मिस्टरांच्या मुद्द्याबद्दल थोडं. हिंसक गेम खेळून मूल गुन्हेगार होतं, अशी भीती मी तुम्हाला घालणार नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगितलं की अशा गेममुळे लोक खरोखरची हिंसा करतात असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमकपणाशी मात्र थोडा संबंध दिसतो. म्हणजे मिस्टर अगदीच चुकीचं बोलत नाहीत. पण व्हाइस सिटी २००२ सालचा गेम, त्यातली माणसं ठोकळ्यांसारखी दिसायची. ते स्वतः तेव्हा कॉलेजात होते, आणि सायबर कॅफेत त्यांच्या शेजारी दुसरीतली मुलगी बसलेली नव्हती. नाशिकच्या कुठल्याही थिएटरला 'ए' प्रमाणपत्राचा सिनेमा लागला तर तुमच्या दोन्ही मुलांना दारातच अडवतील, तुम्ही दोघं सोबत असलात तरी. घरात तसं अडवणारं तुमच्याशिवाय कुणी नाही.

तेव्हा उद्या शिकवणीची मुलं यायच्या आत ती डिस्क बाहेर काढा आणि कपाटात कुलूप लावून ठेवा. मिस्टरांची परवानगी येईपर्यंत थांबू नका. डिस्क आत नसली की तो गेम सुरूच होत नाही. पीएसफोरच्या सेटिंग्जमध्ये पॅरेंटल कंट्रोल्समधून वयाची मर्यादाही घाला, आणि तिथला पासकोड आधी बदला. तो मुळात चार शून्य असतो आणि सातवीतल्या मुलाला ते शोधायला पाच मिनिटं लागत नाहीत. धाकटीला सहा वाजता बाहेर, तुमच्या शिकवणीच्या मुलांमध्ये बसवा. पाटी-पेन्सिल द्या, चित्रांची वही द्या, काहीही द्या, पण तुमच्या नजरेसमोर.

मुलाला रागावू नका. गेम त्याने चोरून आणलेला नाही, वडिलांनी हातात दिला. शिवाय धाकट्या बहिणीला जवळ बसवून घेणारा भाऊ आहे तो, हे त्याला बोलून दाखवा. 'तू वाईट' असं म्हणू नका. 'ती बघत होती आणि माझं लक्ष नव्हतं' असं सांगा. रुसेल, दोन दिवस नीट जेवणार नाही. क्रिकेटचा, फुटबॉलचा, गाड्यांच्या शर्यतीचा गेम आणून द्या, त्या मशीनवर हवे तेवढे मिळतात.

धाकटीला रात्री झोपताना एवढंच विचारा: दादाच्या गेममध्ये काय काय व्हायचं गं? मग ऐका. मध्ये बोलू नका, दचकू नका, 'शी' म्हणू नका. ती जे सांगेल ते मिस्टर शिफ्टवरून आले की त्यांना तिच्याच शब्दांत सांगा. त्यांना स्वतःला गेम खेळायचा असेल तर मुलं झोपल्यावर, दार लावून खुशाल खेळू देत. ते मोठे आहेत. कपाटाची किल्ली मात्र तुमच्याकडे ठेवा.