अ‍ॅक्रोपोरावर पांढरे गोल ठिपके पडतायत, पण किडा कुठेच दिसत नाही. काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॅलसला घरी रीफ टँक, म्हणजे समुद्री कोरलचं मत्स्यालय आहे, दोन वर्षं सगळं छान चाललं होतं, पण महिनाभरापासून अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या कठीण कोरलचा रंग उतरतोय. बुंध्याकडे मोहरीएवढे पांढरे गोल ठिपके आलेत. केएच (पाण्याची क्षारता), कॅल्शियम, नायट्रेट सगळं जागेवर आहे. रोज बघूनही किडा सापडत नाही, आणि टँकमध्येच ओतता येईल असं एखादं औषध तुम्हाला हवंय.

औषधाचं आधी सांगते, कारण घाबरल्यावर माणूस पहिल्यांदा तेच करतो. टँकमध्ये आत्ता काहीही ओतू नका. तुमचं वर्णन अ‍ॅक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या किड्याशी, फ्लॅटवर्मशी, जुळतंय. पूर्ण टँकला डोस देऊन त्याचा खात्रीने बंदोबस्त करणारं औषध नाही. दुकानात ‘फ्लॅटवर्म एक्झिट’ मिळतं, पण ते वाळूवर आणि काचेवर पसरणाऱ्या लाल प्लॅनेरिया या दुसऱ्या चपट्या किड्यासाठी. तुमच्या किड्याला ते पुरं पडत नाही. शिवाय टँकमध्ये लाल प्लॅनेरिया असतील आणि ते एकदम मेले, तर त्यांच्या अंगातलं विष पाण्यात उतरून माशांच्या जिवावर बेततं.

आता किडा दिसत का नाही ते. याचं शास्त्रीय नाव प्रोस्थिओस्टोमम अ‍ॅक्रोपोरी. शास्त्राने त्याची रीतसर नोंद घेतली ती २०११ साली, आणि तीही मत्स्यालयांतल्या नमुन्यांवरून. समुद्रात, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, तो त्यानंतर सापडला. अंग पातळ आणि जवळजवळ पारदर्शक. तो कोरलची कातडी खातो, तेव्हा त्या कातडीतली सूक्ष्म शेवाळं आणि कोरलची चमकणारी रंगद्रव्यंही त्याच्या पोटात जातात. म्हणजे ज्या कोरलवर बसलाय त्याचाच रंग त्याच्या अंगावर चढतो. पुष्कळ जण रात्री निळा लाइट लावून शोधतात, पण निळ्या उजेडात कोरल चमकतं तसा हाही चमकतो. म्हणून नुसतं बघत बसून तो सापडत नाही, त्याला उठवावं लागतं.

पंप बंद करा. टर्की बेस्टर, म्हणजे रबरी फुगा असलेली मोठी पिचकारी, घ्या; नसेल तर मोठी सिरिंज चालेल. ठिपके आहेत तिथे, विशेषतः फांद्यांच्या खालच्या सावलीतल्या बाजूला, पाण्याचा जोरात फवारा मारा. किडा असेल तर कोरलचाच एखादा पापुद्रा सुटल्यासारखं काहीतरी निघतं आणि कडा लाटेसारख्या हलवत खाली जातं. पापुद्रा नुसता गिरक्या घेत पडतो, किडा पडता पडता अंग आक्रसतो. हा फरक एकदा पाहिलात की पुन्हा चुकणार नाही. मासे जवळ असतील तर डोळ्याचं पातं लवायच्या आत गिळून टाकतील, म्हणून एकाने फवारा मारावा आणि दुसऱ्याने बघावं.

मला हे सगळं कसं कळलं ते सांगते, कारण तुमच्या टँकची आजची जी अवस्था आहे त्यातून मी गेले आहे. मी न्यू जर्सीत राहते. एका ओळखीच्या हौशी माणसाकडून मी जांभळ्या टोकांचा एक फ्रॅग, म्हणजे अ‍ॅक्रोपोराचा लावायचा तुकडा, आणला. घरी आल्यावर एकदा डिप केला, म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवला, डब्यात काही पडलं नाही, म्हणून सरळ टँकमध्ये ठेवला. तीन महिन्यांनी शेजारची, तीन वर्षं वाढवलेली मिलेपोराची (ही अ‍ॅक्रोपोराचीच एक जात) कॉलनी बुंध्यापासून फिकी पडायला लागली. मी लाइटला दोष दिला, मग केएचला, मग नवीन मिठाला. त्या भानगडीत पाच आठवडे गेले.

शेवटी एका रविवारी तो फ्रॅग बाहेर काढून डायनिंग टेबलवर घेऊन बसले. खाली वर्तमानपत्र, टँकच्या पाण्याने भरलेला पांढरा दह्याचा डबा, हातात भिंग. आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती आणि शेजारी ताटात तूरडाळ निवडत होती. इथली पाकिटातली डाळसुद्धा ती निवडल्याशिवाय कुकरला लावत नाही. मी कोरलच्या फांद्या एकेक करून बघत होते. थोड्या वेळाने तिने डबा आपल्याकडे ओढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि फ्रॅग ज्या छोट्या बैठकीवर चिकटवलेला असतो त्या प्लगच्या कडेकडे बोट करून म्हणाली, “अगं, हे खाली काय चिकटलंय? भाजलेली खसखस सांडल्यासारखं?”

ती अंडी होती. सोनेरी तपकिरी, एकमेकींना लागून बसलेली, वीस-पंचवीस दाणे. मी जिवंत कातडी बघत होते आणि अंडी होती नेमकी जिथे कातडी मेली होती तिथे, कोरलच्या उघड्या पडलेल्या पांढऱ्या सांगाड्यावर आणि प्लगच्या कडेला. एकेक दाणा म्हणजे एक किडाही नव्हे. प्रत्येक दाण्याच्या आत अनेक पिल्लं असतात. म्हणून मी तुम्हाला कळकळीने सांगते, कोरल नंतर बघा, आधी प्लग बघा. फांदीच्या बुडाशी जिथे जिवंत भाग संपतो ती रेघ भिंगाखाली पूर्ण फिरवून बघा.

आता डिप. कोरल औषधाच्या पाण्यात बुडवून किडे पाडायचे, एवढाच त्याचा अर्थ. तीन भांडी घ्या आणि तिन्हींत टँकचंच पाणी भरा. नळाचं नको, ताजं कालवलेलं मिठाचं पाणीही नको, तापमानात फरक पडला की कोरलला दुसरा धक्का बसतो. पहिल्या भांड्यात औषध, बाकीची दोन धुवायला. मी ‘कोरल आरएक्स’ वापरते. प्रमाण आणि वेळ बाटलीवर लिहिलेली असेल तीच. बुडवून नुसतं ठेवू नका, पूर्ण वेळ बेस्टरने फांद्यांमधून पाणी मारत राहा. किडा गुंगतो पण चिकटून राहतो, फवाऱ्यानेच सुटतो. भांडं पांढऱ्या तळाचंच घ्या, नाहीतर खाली पडलेलं दिसणार नाही. डिपचं पाणी टँकमध्ये परत जाता कामा नये.

अमेरिकेत पुष्कळ जण यासाठी बागेत फवारायचं, पूर्वी बायरच्या नावाने मिळणारं कीटकनाशक वापरतात. त्याने किडे पडतात हे खरं आहे. पण ते कोरलसाठी बनवलेलं नाही, कोळंबी आणि खेकड्यांना त्याचा थेंबही घातक आहे, आणि ते हाताळताना ग्लोव्हज लागतात. माझ्या घरात लहान मूल आहे, मी ते स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ येऊ देणार नाही. तुम्ही वापरायचं ठरवलंत तर गॅरेजमध्ये वापरा आणि ती भांडी पुन्हा दुसऱ्या कशालाही घेऊ नका.

डिपने किडे मरतात, अंडी मरत नाहीत. औषध बदललं, प्रमाण वाढवलं, वेळ वाढवला तरी अंड्याचं कवच त्याला दाद देत नाही, मधल्या मध्ये कोरल मात्र जातं. अंडी हातानेच काढायची. दाट वस्ती असेल तर बुंध्याचा तो भाग बोन कटरने सरळ कापून फेकून द्या आणि फांदी नव्या कोऱ्या प्लगवर सुपरग्लू जेलने चिकटवा. जुना प्लग उकळून वापरू म्हणून ठेवू नका. एकदोन दाणे असतील तर टूथपिकने किंवा सर्जिकल ब्लेडच्या टोकाने खरवडा, भांड्याबाहेर, ओल्या टिश्यूवर, म्हणजे ते पाण्यात हरवणार नाहीत.

मग पुढच्या आठवड्यात पुन्हा डिप, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. पाण्याच्या तापमानाप्रमाणे अंडी फुटायला साधारण दीड ते तीन आठवडे लागतात, आणि त्यातून निघालेलं पिल्लू स्वतः अंडी घालायला लागेपर्यंत आणखी काही आठवडे जातात. दर आठवड्याला डिप केला की तुमच्या नजरेतून सुटलेली अंडी फुटतात, पण पिल्लू मोठं होण्याआधी डब्यात पडतं. सलग सहा आठवडे, एकही न चुकवता. तिसऱ्या आठवड्यात डबा स्वच्छ निघतो आणि वाटतं की संपलं. लोक तिथेच थांबतात आणि दोन महिन्यांनी पुन्हा आहे तिथे येतात. माझ्या पहिल्या डिपमध्ये अकरा किडे पडले, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात शून्य, आणि चौथ्यात पुन्हा चार, अगदी बारीक, भिंगाशिवाय न दिसणारे. मी तिसऱ्यानंतर थांबले असते तर ते चार टँकमध्ये परत गेले असते.

डिपचे हे सहा आणि त्यापुढचे दोन, असे आठ आठवडे सगळे अ‍ॅक्रोपोरा वेगळ्या टँकमध्ये असायला हवेत, फक्त आजारी दिसणारा एक नव्हे. साधा काचेचा टँक, हीटर, छोटा पंप, बऱ्यापैकी लाइट, आणि आत दगड-वाळू काहीही नाही, म्हणजे अंडी घालायला कोपरे मिळत नाहीत. हा किडा अ‍ॅक्रोपोरावरच जगतो. मुख्य टँकमध्ये आठ आठवडे एकही अ‍ॅक्रोपोरा नसेल तर तिथे फुटलेली पिल्लं उपाशी मरतात. मासे आणि झोएन्थिड, मऊ कोरल, युफिलिया असे टँकमधले बाकीचे जीव जागेवरच राहू देत.

खरी अडचण येते ती दगडावर पसरून चिकटलेल्या मोठ्या कॉलनीची. ती अख्खी निघत नाही. माझी मिलेपोरा तशीच होती. दोन दिवस मी काही केलं नाही, मग फांद्यांची वरची, निरोगी टोकं तोडून घेतली आणि बुंधा दगडावरून छिन्नीने काढून टाकला. नऊ तुकडे झाले, त्यातले सहा जगले. फार वाईट वाटलं, आजही त्या रिकाम्या दगडाकडे लक्ष जातं. पण बुंधा ठेवला असता तर नऊच्या नऊ गेले असते. तुमच्याकडे अशी कॉलनी असेल तर टोकं निरोगी आहेत तोवर तोडा. पांढरेपणा वर चढला की तोडायला काही उरत नाही.

सिक्स लाइन रास हा मासा सोडला तर काम होईल का, हा प्रश्न पुढे येईलच. तो किडे टिपतो, हे खरं आहे, आणि मी ठेवलाही आहे. पण अंड्यांना तो हात लावत नाही, आणि लहान टँकमध्ये नव्या माशांना फार छळतो. तो राखणीला ठीक, उपचार म्हणून नाही.

तुमच्या कोरलवर दुसरंच काही निघालं तर? ठिपके नसतील, नुसताच रंग उतरला असेल, आणि भिंगाखाली फांदीवर पिवळसर कण इकडून तिकडे पळताना दिसले, प्रत्येकावर एक लाल बिंदू, तर ते रेड बग्ज, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. त्यांच्यावर मिल्बेमायसिन हे कुत्र्यांच्या हार्टवर्मचं औषध चालतं आणि ते पूर्ण टँकला देता येतं, पण व्हेटच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि टँकमधली कोळंबी, खेकडे, कोपेपॉडसारखे बारीक कवचधारी जीव सगळे जातात. फ्लॅटवर्मवर त्याचा उपयोग नाही, म्हणून ओळख पटल्याशिवाय त्याच्या मागे लागू नका. मॉन्टिपोरा या दुसऱ्या कठीण कोरलच्या खालच्या बाजूला पांढरे, पिसासारखी झालर असलेले काही मिलिमीटरचे जीव दिसले तर ते न्यूडिब्रँक, म्हणजे बिनशंखाच्या समुद्री गोगलगाई. त्यांना फेस्टिला सबओडिओसा हे नाव २०२० साली मिळालं, हौशी लोक त्यांच्याशी त्याच्या कितीतरी आधीपासून झगडत होते. त्यांची अंडीही डिपला दाद देत नाहीत, म्हणून वरचीच पद्धत.

झोएन्थिड डिप करणार असाल तर ग्लोव्हज आणि डोळ्यांवर चष्मा लावाच. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलीटॉक्सिन असतं, ते अत्यंत जहाल विष आहे. ब्रशने घासताना शिंतोडे उडतात. आणि झोएन्थिड असलेला दगड कधीही उकळू नका, त्या वाफेने अख्ख्या घरादाराला इस्पितळात जावं लागल्याच्या घटना घडल्या आहेत.

भारतातून कोणी हे वाचत असेल तर एक सांगायला हवं. अ‍ॅक्रोपोरासकट सगळी कठीण प्रवाळं भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. मालवणला किल्ल्याजवळ पाण्यात दिसतं ते प्रवाळ तिथेच बघायचं, त्याचा तुकडाही घरी आणायचा नाही. मी लिहिलंय ते इथे अमेरिकेत, टँकमध्येच तुकड्यांपासून वाढवलेल्या कोरलबद्दल आहे.

तुम्ही आज रात्री एवढंच करा. सगळ्यात जास्त ठिपके असलेला फ्रॅग काढा, पांढऱ्या डब्यात डिप करा आणि डब्याच्या तळाचा एक आणि प्लगच्या खालच्या बाजूचा एक असे दोन फोटो इथे टाका. फोटो साध्या पांढऱ्या उजेडात काढा, निळा लाइट बंद करून. किती अ‍ॅक्रोपोरा आहेत आणि त्यांतले किती दगडाला चिकटलेत तेही लिहा, म्हणजे कुठला तोडायचा आणि कुठला अख्खा काढता येईल ते एकेक करून ठरवू.