फ्लॉप न बघताच बेट लावली, आता मागे घेता येते का?

प्रश्न: आम्ही पाचजण शनिवारी रात्री वर्तकनगरला मित्राकडे पोकर खेळतो, पैसे नाही लावत, ज्याच्या चिप्स आधी संपतील त्याने मामलेदारची मिसळ खिलवायची. परवा ब्लाइंड (पत्ते वाटायच्या आधी दोघांनी टाकायच्या सक्तीच्या चिप्स) १०/२०, मी बिग ब्लाइंड, म्हणजे २० वाला, बटनवाल्याने (वाटणाऱ्याच्या जागेवरचा, फ्लॉपनंतर शेवटी बोलणारा) ६० केले, बाकी सगळे पॅक, मी तेवढेच टाकून कॉल केलं आणि फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन पत्ते) उघडायच्या आधीच बोललो "अंधारात शंभर". आला राजा-राजा-चव्वी, माझ्याकडे नव्वी-अठ्ठी. म्हटलं चेक करतो (काही न लावता पाळी पुढे देतो), तर भांडणच झालं. कोण बरोबर? आणि तीन पत्तीत ब्लाइंड खेळून मी जिंकतो, इथे का नाही जमत?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: शंभर टाकावेच लागतील. स्मॉल ब्लाइंड, म्हणजे १० वाला, पॅक झालेला, म्हणजे फ्लॉपला पहिली पाळी तुमचीच, आणि आपल्या पाळीला तोंडाने आकडा सांगितला की तो पक्का, पत्ते बघून मागे घेता आला तर सगळेच अंधारात बोलतील ना! हां, स्मॉल ब्लाइंड खेळात असता तर तुम्ही पाळी सोडून बोललात असं झालं असतं, मग त्याने चेक केलं तर तुमचे शंभर कायम, त्याने बेट लावली तर तुम्ही मोकळे.

आता तीन पत्तीचं. दिवाळीत पत्ते शिकलेले आपण सगळे हीच सवय घेऊन पोकरला बसतो म्हणून जरा नीट सांगते. तिथे ब्लाइंडवाला १० टाकतो तेव्हा पत्ते बघितलेल्याला कमीत कमी २० टाकावे लागतात, न बघण्याची ती सूट असते. पोकरमध्ये सूट नाहीच, तुमचे शंभर आणि समोरच्याचे शंभर सारखेच, वर तो फ्लॉप बघून ठरवणार आणि तुम्ही न बघता. हातात जोडी नसेल तर फ्लॉपला जोडी किंवा त्याहून बरं काही लागतं साधारण ३२ टक्के वेळा, म्हणजे तीनात दोनदा रिकामा हात. बरं, तो पळेल म्हणावं तर १३० च्या पॉटमध्ये (मध्ये जमलेल्या चिप्स) शंभरचा नुसता ब्लफ परवडायला तो शंभरातून ४३-४४ वेळा तरी पॅक व्हायला हवा, पण तुम्ही फ्लॉप बघितलाच नाही हे त्याला माहितीये, मग तुमच्याकडे राजा आहे म्हणून बेट लावली असं तो का समजेल?

चालतं कधी, तर तुमच्याकडे ८० च चिप्स उरल्यात आणि कुठलाही फ्लॉप आला तरी ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं) ठरलेलंच आहे तेव्हा. अंधारात चेक केलं तर कमी नुकसान, चेक-रेझ (आधी चेक, मग त्याने बेट लावली की वाढवणं) हातात राहतो, पण सत्ती-छक्की-पंजी येऊन तुमचा सिक्वेन्स लागला आणि त्यानेही चेक केलं तर पुढचा पत्ता त्याला फुकट.

प्रश्न: स्ट्रॅडल पण ब्लाइंडच ना?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: हो. बिग ब्लाइंडच्या डावीकडचा पत्ते वाटायच्या आधी दुप्पट टाकतो, १०/२० ला ४०, बदल्यात फ्लॉपआधी शेवटची पाळी मिळते, फ्लॉपनंतर मात्र परत लवकर बोलायचं. २००० चिप्स म्हणजे १०० बिग ब्लाइंड होते ते ५० स्ट्रॅडल झाले, खेळ एकदम महाग होतो. नवीन लोकांसोबत मला नाही आवडत, आणि खेळायचाच तर सगळ्यांनी आळीपाळीने टाका, नाहीतर एकटाच भरत बसतो.