कोनशिला शेवटी

प्रिय लेकी,

रुग्णालयाच्या स्मरणिकेचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून आनंद झाला. पण तू उद्घाटनांच्या तारखा आणि देणगीदारांची यादी जमवायला बसली आहेस, ते आधी थांबव. मीही एकदा असाच इतिहास लिहिला होता. पायाभरणी कधी, खाटा किती वाढल्या, क्ष-किरण यंत्र कोणत्या साली आलं, सगळं अचूक. छापून आल्यावर तिथल्या एका जुन्या आयाबाईंनी पानं चाळली आणि विचारलं, "यात पेशंट कुठंय?" ते मला आजही लागून राहिलंय.

लोकांचं रुग्णालय लोकांनी काही मागितल्यामुळे किंवा लोक तिथे यायचे थांबल्यामुळे बदलतं. गडचिरोलीचंच बघ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था १९८६ साली सुरू झाली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. लोकांनी सांगितलं की इमारतीची भीती वाटते, डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात आणि आम्ही पांढऱ्यात प्रेत गुंडाळतो, नातेवाइकांना आजाऱ्याजवळ राहू देत नाहीत. मग शोधग्राम या त्यांच्या वसाहतीतलं रुग्णालय झोपड्यांसारखं बांधलं गेलं, घरच्यांना सोबत राहता येईल असं, आणि नावही लोकांच्या देवीचं दिलं, माँ दंतेश्वरी. हा इतिहास कोनशिलेवरून कळला असता का? कोनशिलेवर फक्त साल असतं. म्हणून तुझ्या रुग्णालयात ‘तेव्हा लोक येत का नव्हते’ हा प्रश्न आधी विचार. उत्तर द्यायला संस्थेचे लोक कचरतील. तरी विचार, आणि ज्यांनी रुग्णालयाकडे पाठ फिरवली त्यांच्याही घरी जा.

पैशाबद्दल लिहिताना मोठ्या आकड्यांपाशीच थांबू नकोस. छत्तीसगडमधल्या दल्ली-राजहराच्या लोहखनिज खाणींतल्या कामगारांनी १९८३ साली स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभं केलं. १९७७च्या पोलीस गोळीबारात गेलेल्या सहकाऱ्यांच्या आठवणीचं ते नाव. तुमच्याकडे विटा कुणी वाहिल्या, रात्री रक्त द्यायला कोण धावलं, हे शोध. ही माणसं पावतीपुस्तकात सापडणार नाहीत.

जामखेडला डॉक्टर आरोळे दांपत्याने १९७० साली काम सुरू केलं, तेव्हा गावोगावचं आरोग्य सांभाळायला गावातल्याच बायका तयार केल्या, कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. अशा कामाला खाटांचा हिशेब लावला तर काहीच हाती येत नाही, कारण ते यशस्वी झालं की खाटा रिकाम्या राहतात.

म्हणून वॉर्डाची जुनी रजिस्टरं उघड. माझ्या मते खरा इतिहास तिथेच आहे. नवजात बाळाच्या धनुर्वाताची शेवटची नोंद कधीची? गोवराची मुलं कमी कधी झाली? पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मधला. तुमच्या रजिस्टरात तो आजार कधी संपला? आणि मधुमेह, रक्तदाबाच्या रांगा कधी लागल्या? जे आजार येईनासे झाले आणि जे नव्याने आले, त्यांच्यावर एक अख्खं प्रकरण दे.

चुकाही लिही. बंद पडलेला विभाग, सोडून गेलेले डॉक्टर, एखादा वाचवता न आलेला जीव. विश्वस्त ते वगळायला सांगतील. तुझी बाजू शांतपणे मांड, कागद दाखव.

रजिस्टरांना वाळवी लागायच्या आत प्रत्येक पानाचा फोटो काढ. छापताना रुग्णांची नावं मात्र झाक. आणि मघाशी सांगितलेल्या त्या आयाबाई अजून हयात असतील, तर सोमवारीच जा. त्यांना दुपारी वेळ असतो.

तुझ्या पहिल्या मसुद्याची वाट बघतो.