वाचक विचारतात : रात्रपाळीचा हिशोब आणि क्लाउड

प्रश्न : अंबड एमआयडीसीत आमचं जॉबवर्कचं छोटं शॉप आहे, दोन नवीन सीएनसी (कंप्युटरवर चालणाऱ्या मशीन), बाकी जुन्या लेथ. रात्री किती जॉब निघाले, मशीन मधेच का थांबली, सकाळी कोणी धड सांगत नाही. एक वेंडर म्हणतो सगळीकडे सेन्सर लावू, सगळा डेटा क्लाउडवर म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, मोबाइलवर बघत बसा. पण पावसाळ्यात आमच्याकडे नेट जातंच जातं. घ्यावं का?

उत्तर : घ्या, पण "सगळा डेटा क्लाउडवर" म्हटलं की तिथंच थांबवा त्याला. स्पिंडलवर (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) तीन अक्षांचा व्हायब्रेशन सेन्सर लावला, प्रत्येक अक्षाची सेकंदाला 10,000 रीडिंग, एक रीडिंग 2 बाइट, तर एका मशीनचाच दिवसाला 5 जीबीच्या वर डेटा होतो, आणि एवढं वर चढवून तुम्ही बघणार काय, तर मशीन चालू होती का बंद! त्यापेक्षा मशीनशेजारी एज गेटवे म्हणजे छोटा कंप्युटर ठेवायचा, गणित तिथंच होतं, वर फक्त उत्तर जातं. नेट गेलं तर तो स्वतःकडे साठवतो, आलं की पाठवतो. पाठवायला हवा! पैसे देण्याआधी वेंडरसमोर नेटची वायर काढा, चहा घेऊन या, परत लावा आणि मधला डेटा आला का ते बघा.

जुन्या लेथला फार काही लागत नाही. मोटरच्या एका फेजवर सीटी क्लॅम्प म्हणजे वायरभोवती बसून करंट मोजणारा चिमटा बसवायचा, वायर कापायची गरज नाही. करंट शून्य म्हणजे बंद, थोडा म्हणजे नुसती फिरतेय, चढला म्हणजे कट चालू. हलक्या फिनिशिंगला फरक नीट दिसत नाही, तेवढं धरून चाला. मशीन का थांबली हे मात्र सेन्सरच्या बापालाही कळणार नाही, त्यासाठी ऑपरेटरजवळ चार बटणं द्या : इन्सर्ट (कापायची पाती) बदली, मटेरियल नाही, क्यूसीची (तपासणीची) वाट, लाइट गेली. बटणावरून पगार कापणार नाही हे आधीच सांगा, नाहीतर रोज रात्री लाइटच जाईल.

आता जिथं बरेच जण फसतात ते. बहुतेक गेटवे मेसेज पाठवायला एमक्यूटीटी नावाची पद्धत (प्रोटोकॉल) वापरतात, ते 1999 मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर सॅटेलाइटची महागडी लिंक कमीत कमी वापरावी म्हणून बनवलं होतं. त्यात 'किमान एकदा तरी पोचव' अशी सेटिंग असते, म्हणजे नेट अडखळलं की तोच मेसेज दोनदाही येऊ शकतो. मग "एक जॉब झाला" असा मेसेज पाठवत असाल तर काउंट फुगतो. त्याऐवजी "आतापर्यंत एकूण 214" असा आकडा पाठवायचा, दोनदा आला तरी 214 च. आणि सगळ्या गेटवेंची घड्याळं एनटीपीने (नेटवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळवून घ्या, नाहीतर आधी कोणती मशीन थांबली यावरून सकाळी भांडणं.

प्रश्न : सिन्नरच्या युनिटमधला पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) घरून बघायचाय, राउटरवर पोर्ट उघडला, म्हणजे बाहेरून थेट आत यायची वाट केली, तर चालेल?

उत्तर : अजिबात नको. बरेच पीएलसी मॉडबस ही भाषा बोलतात, ती 1979 ची आहे, साध्या मॉडबसमध्ये पासवर्डच नसतो, ज्याला पोर्ट सापडला तो तुमचा व्हॉल्व्ह उघडू शकतो. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून आत यायची कुलूपबंद खाजगी वाट लावा, आणि पीएलसीचं नेटवर्क ऑफिसच्या वायफायपासून वेगळं करा.