पगार ३८ हजार, पेन्शन साडेचार हजारांच्या आत

प्रश्न : भोसरीच्या कारखान्यात १ सप्टेंबर १९९६ ला लागलो, ५८ पूर्ण होऊन ३१ ऑगस्ट २०२५ ला निवृत्त झालो. शेवटी मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३८,००० रुपये होते, पीएफ पूर्ण पगारावर कापला जाई. तरी पेन्शन साडेचार हजारांच्या आत! शेजारच्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींची मात्र वर्षातून दोनदा वाढते. हिशेब चुकलाय का? (चिंचवड)

उत्तर : हिशेब बरोबर दिसतो. तुमची पीएफसोबतची पेन्शन (कर्मचारी पेन्शन योजना, ईपीएस) पगारावर नव्हे, पगाराच्या मर्यादेवर ठरली. सूत्र असे : पेन्शनपात्र पगार (म्हणजे मर्यादेपर्यंतच धरलेला पगार) गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. ही मर्यादा ३१ ऑगस्ट २०१४ पर्यंत ६,५०० होती, पुढे १५,०००. पहिली १८ वर्षे ६,५०० ने धरली की १,६७१ रुपये, नंतरची ११ वर्षे १५,००० ने धरली की २,३५७. बेरीज ४,०२८. सेवा वीस वर्षे किंवा अधिक असेल तर दोन वर्षे बोनस म्हणून मिळतात, त्याची भर दोन-चारशेची.

मग कापलेला पैसा गेला कुठे? ३८,००० वर मालकाचा १२ टक्के हिस्सा ४,५६०. त्यातले फक्त १,२५० पेन्शन फंडात (१५,००० चे ८.३३ टक्के), उरलेले ३,३१० तुमच्या पीएफमध्ये. म्हणजे ते एकरकमी मिळाले, पेन्शन म्हणून नाही. जादा पगारावर पेन्शनचा पर्याय भरायची मुदत ११ जुलै २०२३ ला संपली.

गुरुजींची गोष्ट वेगळी. जुन्या योजनेत शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन बसते आणि तिला महागाई जोडलेली असते. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून केंद्राचा दर जानेवारी आणि जुलैपासून बदलतो, राज्य मागाहून तोच लावते. तुमच्या पेन्शनला असा धागाच नाही. महागाई शेकडा सहाने वाढली तर बारा वर्षांत भाव दुप्पट होतात, म्हणजे आजच्या चार हजारांत तेव्हा दोन हजारांचाच बाजार येईल. किमान पेन्शनचे १,००० रुपयेही सप्टेंबर २०१४ पासून तिथेच आहेत. सरकारी तिजोरीतून भर पडते ती पगाराच्या १.१६ टक्के, तीही त्याच मर्यादेवर. तुमचा आकडा आपोआप वाढणार नाही, हे कडू आहे पण खरे आहे.

तरी ऑनलाइन सेवा-नोंद एकदा तपासाच. बिनपगारी दिवस जास्त पडले असतील तर सेवा घटते. आधीच्या नोकरीचे पेन्शनचे पैसे फॉर्म १०सी भरून काढले असतील, तर ती वर्षे गेली. सहा महिन्यांहून कमी तुकडा धरत नाहीत, सहा किंवा अधिक असेल तर पूर्ण वर्ष.

प्रश्न : ५५ व्या वर्षी कंपनी बंद पडली. आत्ता पेन्शन घेऊ की ५८ ची वाट पाहू? (हडपसर)

उत्तर : दहा वर्षांची सेवा असेल तर पन्नाशीनंतर घेता येते, पण ५८ ला जेवढी वर्षे कमी, त्यातल्या दर वर्षामागे ४ टक्के कपात, आणि ती कायमची. ४,००० ची साधारण साडेतीन हजार होते. मात्र तीन वर्षांत सव्वा लाखाच्या आसपास आधीच हातात येतात. ते भरून निघायला ५८ नंतर बावीस-तेवीस वर्षे लागतील, म्हणजे ऐंशी उजाडेल. पीएफ कापणारी नोकरी मिळण्यासारखी असेल तर थांबा, सेवा वाढेल. नसेल तर पेन्शन मागणीचा फॉर्म १०डी भरून टाका.